हजार सबस्क्रायबरचा उंबरठा

१६ जानेवारी २०१८ रोजी यूट्यूबने एक घोषणा केली. ज्या चॅनलला किमान १,००० सबस्क्रायबर आहेत आणि ज्याचे व्हिडिओ मागच्या १२ महिन्यांत मिळून किमान ४,००० तास पाहिले गेले आहेत, त्यालाच यापुढे जाहिरातींच्या पैशात वाटा मिळेल. नियम फक्त नव्या चॅनलपुरता नव्हता. आधीपासून पैसे मिळवणाऱ्या, पण या रेषेच्या खाली असलेल्या चॅनलनाही तो २० फेब्रुवारीपासून लागू होणार होता. हातात पाच आठवडे.

याच घोषणेत यूट्यूबने आपल्या बाजूने एक आकडेवारी दिली. ज्यांच्यावर परिणाम होणार, त्यांतल्या ९९ टक्के जणांची वर्षभरातली कमाई १०० डॉलरपेक्षा कमी होती आणि ९० टक्के जणांची शेवटच्या महिन्यातली कमाई अडीच डॉलरपेक्षा कमी होती. सूर असा, की एवढ्याशा पैशांचं काय घेऊन बसलात?

अडीच डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण १६० रुपये. दोघांचा चहा-मिसळीचा खर्च. पण प्रश्न उलटा विचारून बघा. ही रक्कम इतकीच नगण्य होती, तर जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एका कंपनीला ती देणं थांबवण्याची गरज का पडली? याचं उत्तर २०१८ मध्ये सापडत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

सुरुवातीला पैसे कुणालाच नव्हते

यूट्यूब सुरू झालं फेब्रुवारी २००५ मध्ये. पेपालमधून बाहेर पडलेल्या तिघांनी, म्हणजे चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम यांनी, ते उभं केलं. पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभं राहून करीम १९ सेकंद बोलतो, बस. त्या काळात व्हिडिओ चढवणं आणि पैसे मिळणं यांचा काही संबंधच नव्हता. लोक हौसेने व्हिडिओ टाकत होते आणि हौसेने बघत होते.

पैशांचा विचार करणारे दुसरे होते. त्याच सुमारास रेव्हर नावाची एक साइट आली. व्हिडिओच्या शेवटी जाहिरात लावायची आणि मिळालेले पैसे व्हिडिओ करणाऱ्याबरोबर निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे, असा तिचा सरळ हिशोब. ब्लिप नावाच्या साइटनेही निम्म्या वाट्याचीच पद्धत ठेवली. आज या दोन्ही साइट अस्तित्वात नाहीत. पण 'व्हिडिओ करणाऱ्याचा जाहिरातीत वाटा असतो' ही कल्पना यूट्यूबने शोधून काढलेली नाही, ती यूट्यूबच्या आधी बाजारात होती, हे लक्षात ठेवायला हवं.

ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने १६५ कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात यूट्यूब विकत घ्यायचं जाहीर केलं. पाच महिन्यांनी, मार्च २००७ मध्ये, व्हायाकॉम या मनोरंजन कंपनीने यूट्यूबवर १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला. आमच्या मालिका आणि कार्यक्रम तुमच्या साइटवर फुकटात दाखवले जातात, अशी तक्रार.

त्या एकाच वर्षात यूट्यूबने दोन दारं उघडली. मे २००७ मध्ये काही निवडक लोकप्रिय मंडळींना 'पार्टनर' म्हणून बोलावून जाहिरातीत वाटा द्यायला सुरुवात झाली. डिसेंबरमध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या लोकांना त्यासाठी अर्ज करता येऊ लागला. दुसरं दार होतं पुढे 'कंटेंट आयडी' या नावाने ओळखल्या गेलेल्या यंत्रणेचं. मोठ्या कंपन्यांनी आपली गाणी, सिनेमे, मालिका यूट्यूबकडे जमा करायच्या. यंत्र प्रत्येक नवा व्हिडिओ त्यांच्याशी ताडून पाहणार. जुळणी सापडली की मूळ मालकाने ठरवायचं, की व्हिडिओ बंद करायचा, चालू देऊन त्यावर नजर ठेवायची, की त्याच्या जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे.

ही दोन्ही दारं एकाच घराची असली तरी त्यांची उंची वेगळी होती. कंटेंट आयडी वापरता येतं ते ज्यांच्याकडे हक्कांचा मोठा साठा आहे त्यांना. सामान्य चॅनलवाल्याची या यंत्रणेशी गाठ पडते ती सहसा आरोपी म्हणून. दावा चुकीचा असला तरी त्याने आक्षेप घेतल्यावर त्यावर पहिला निर्णय देतो तो दावा करणाराच. आणि बरीच वर्षं असं होतं, की वाद चालू असेपर्यंत त्या व्हिडिओतून कुणालाच पैसे मिळत नसत. बहुतेक व्हिडिओ पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त बघितले जातात. वाद जिंकेपर्यंत ते दिवस निघून गेलेले असायचे.

एप्रिल २०१६ मध्ये यूट्यूबने हे बदलायचं जाहीर केलं. वाद चालू असताना जाहिराती चालू राहतील, येणारे पैसे बाजूला ठेवले जातील आणि निकाल लागल्यावर ज्याचे त्याला मिळतील. ही छोटीशी सुधारणा लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

मुकादम येतात

२०१२ पासून पार्टनर होण्याची वाट अनेक देशांत सर्वांसाठी मोकळी होत गेली. इतके सबस्क्रायबर हवेत, इतके तास हवेत, अशी अट नव्हती. जाहिरातीच्या पैशाची जी वाटणी पुढे रूढ झाली, ती ५५ टक्के चॅनलला आणि ४५ टक्के यूट्यूबला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिफारशींचं सूत्रही बदललं. किती लोकांनी क्लिक केलं याऐवजी किती वेळ पाहिलं, याला महत्त्व आलं. फसवी थंबनेल लावणाऱ्यांना त्याने चाप बसला, पण मिनिटा-दीड मिनिटाची ॲनिमेशन आठवडाभर राबून बनवणाऱ्यांचंही कंबरडं मोडलं. नियम सगळ्यांना सारखा होता, परिणाम सारखा नव्हता.

याच काळात मधली माणसं उगवली. 'मल्टी चॅनल नेटवर्क' असं त्यांचं भारदस्त नाव. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला साखर कारखाना थेट ओळखत नाही. कारखाना ओळखतो मुकादमाला. इथेही तसंच झालं. यूट्यूबशी बोलायचं, तर हजारो चॅनल गोळा करून बसलेल्या नेटवर्कच्या मार्फत. बदल्यात आपल्या वाट्यातला वाटा नेटवर्कला. मशिनिमा या गेमिंग नेटवर्कच्या काही करारांत हक्क कायमस्वरूपी लिहून घेतल्यावरून जाहीर वाद झाले. सही करणारे बरेच जण विशीतही पोचलेले नव्हते.

मेकर स्टुडिओज नावाचं असंच एक नेटवर्क डिस्नेने मार्च २०१४ मध्ये ५० कोटी डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. मशिनिमा हात बदलत गेलं आणि जानेवारी २०१९ मध्ये एके दिवशी त्याच्या चॅनलवरचे व्हिडिओ दिसेनासे झाले. ज्यांनी ते वर्षानुवर्षं केले होते, त्यांतल्या अनेकांना ही बातमी प्रेक्षकांबरोबरच कळली.

मग प्लॅटफॉर्मवाले कधीच कुणाचं ऐकत नाहीत का? ऐकतात, समोरच्याला सोडून जाता येत असेल तर. ट्विटरच्या मालकीचं व्हाइन हे सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं ॲप २०१३ च्या जानेवारीत आलं आणि २०१७ च्या जानेवारीत बंद झालं. जाहिरातीतला वाटा तिथे मिळत नसे. त्याचे नामवंत चेहरे यूट्यूब आणि इन्स्टाग्रामकडे निघून गेले आणि त्यांच्यामागे प्रेक्षकही गेला. ज्याच्यामागे कोटभर लोक येतात, त्याच्या जाण्याला किंमत असते. ज्याच्यामागे ६०० लोक आहेत, तो गेला हे कळतसुद्धा नाही.

भांडण मोठ्यांचं

फेब्रुवारी-मार्च २०१७ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स' या वर्तमानपत्राने दाखवून दिलं, की नामांकित कंपन्यांच्या जाहिराती अतिरेकी विचारांच्या व्हिडिओंवर झळकत आहेत. ब्रिटिश सरकारने आपल्या जाहिराती थांबवल्या. पाठोपाठ एटी अँड टी, व्हेरायझन, जॉन्सन अँड जॉन्सन अशा कंपन्यांनी हात आखडता घेतला. जाहिरातीच्या पैशावर उभ्या असलेल्या कंपनीसाठी हे संकट होतं.

एप्रिल २०१७ मध्ये पहिला उंबरठा आला. चॅनलला आजवर मिळून १०,००० व्ह्यूज झाल्याशिवाय जाहिराती नाहीत. नऊ महिने तो टिकला. मग २०१७ च्या शेवटच्या दिवशी लोगन पॉल या दीड कोटीच्या आसपास सबस्क्रायबर असलेल्या अमेरिकन यूट्यूबरने जपानच्या एका जंगलात आत्महत्या केलेल्या माणसाचा मृतदेह दाखवणारा व्हिडिओ टाकला. जगभर संताप उसळला. यूट्यूबने त्याला बड्या जाहिरातदारांसाठी राखून ठेवलेल्या 'गूगल प्रिफर्ड' या यादीतून काढलं. आणि आठवड्याभरात, १६ जानेवारीला, ती घोषणा झाली.

त्या घोषणेचे दोन भाग शेजारी ठेवून वाचायला हवेत. प्रिफर्डमधल्या बड्या चॅनलसाठी ठरलं, की यापुढे त्यांचे व्हिडिओ माणसं तपासतील. खालच्यांसाठी ठरलं १,००० आणि ४,०००. मोठ्याला माणूस मिळाला, लहानाला आकडा.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे यामागचं गणित मला परकं वाटत नाही. एक चॅनल तपासायला माणसाला लागणारा वेळ साधारण सारखाच असतो, त्याची कमाई अडीच डॉलर असो की अडीच लाख. अडीच डॉलरच्या चॅनलवर तपासनिसाचे दहा मिनिटं घालवणं तोट्याचं. तिथे सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कोडमधली एक ओळ: आकडा यापेक्षा कमी असेल तर बाहेर. आणि या बाजूने बोलण्यासारखं खरंच काही आहे. दुसऱ्यांचे व्हिडिओ चोरून टाकणारे, एकाच माणसाने उघडलेली शेकडो बनावट चॅनल, असल्यांना या अटीने अडथळा होतो. यूट्यूबचंही म्हणणं हेच होतं.

पण आकड्याला विषय कळत नाही. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एखादा माणूस मोडी लिपी शिकवणारे व्हिडिओ करतो आणि प्रेक्षक सरासरी आठ मिनिटं थांबतात असं धरा. वर्षाला ३०,००० वेळा कुणीतरी मोडीचा धडा बघायला हवा. क्रिकेट किंवा सिनेमाच्या गप्पांना हे काहीच नाही. मोडीला आहे. इंग्रजीतून साऱ्या जगाशी बोलणाऱ्याला आणि चार तालुक्यांतल्या बोलीत बोलणाऱ्याला उंबरठा मात्र एकाच उंचीचा.

त्याखाली आणखी एक उंबरठा आधीपासून होताच. गूगलच्या ॲडसेन्स खात्यात साधारण १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. महिन्याला अडीच डॉलर मिळवणाऱ्याला १०० व्हायला ४० महिने लागतात. यूट्यूबने दिलेल्या ९० टक्क्यांतल्या बहुतेकांची त्या गतीने तीन वर्षांतही एक पै हातात पडली नसती. म्हणजे २०१८ मध्ये काढून घेतली गेली ती मिळकतीपेक्षा आपण या धंद्यात भागीदार आहोत ही जाणीव. 'पार्टनर' हा शब्द कंपनीनेच दिला होता.

कारण तीन वर्षांच्या आत उलटलं

इथवर यूट्यूबची बाजू निदान सुसंगत होती: लहान चॅनल पुरेसं तपासलेलं नाही, म्हणून त्यावर जाहिरात नको, जाहिरात नाही, म्हणून पैसे नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये ही साखळी तुटली. सेवाशर्तींत बदल करून यूट्यूबने सांगितलं, की पार्टनर नसलेल्या चॅनलच्या व्हिडिओंवरही आम्ही जाहिराती दाखवू शकतो. त्यातला वाटा त्या चॅनलला मिळणार नाही. आधी अमेरिकेत आणि जून २०२१ पासून बाकी जगात हे लागू झालं. आपण ती 'सहमत' वाली सूचना वाचली असेल-नसेल, पण आपल्याकडेही.

तुमच्या आत्याने गणपतीच्या आरासीचा टाकलेला व्हिडिओ असो, की मोडीचा धडा. त्यावर मोबाइल कंपनीची जाहिरात लागू शकते. जाहिरातदार पैसे देतो. यूट्यूब ते घेतं. ५५-४५ नाही, शून्य-१००.

यालाही एक उत्तर आहे आणि ते पोकळ नाही. व्हिडिओ साठवायला, जगभर पोचवायला अफाट खर्च येतो. २०१९ मध्ये यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांहून जास्त व्हिडिओ चढत होते. त्यांतले बहुतेक कधी कुणी बघतही नाही, आणि ते ठेवण्याचं भाडं कुणी मागत नाही. ही सोय फुकट आहे हे खरंच. पण फुकट तर ती २००५ पासून आहे. आणि खर्चाखाली दबून हा बदल करावा लागला असंही म्हणता येत नाही. अल्फाबेटने यूट्यूबच्या जाहिरातींचं उत्पन्न पहिल्यांदा जाहीर केलं ते २०२० च्या फेब्रुवारीत. २०१९ सालचा आकडा सुमारे १५ अब्ज डॉलर होता. २०२३ मध्ये तो सुमारे साडेएकतीस अब्जांवर गेला.

प्रयोगशाळा आपली, भाव आपला

२९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. गावाकडची कितीतरी पोरं-पोरी, ज्यांना पहिल्यांदाच प्रेक्षक मिळाला होता, एका रात्रीत बेघर झाली. सप्टेंबर २०२० मध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स'ची चाचणी सुरू केली, जगात सगळ्यात आधी भारतात. त्या पोरांसाठी नवा फड तयार झाला. मधल्या काळात निवडकांना बक्षिसासारखी रक्कम देणारा एक निधी होता, पण जाहिरातीतला वाटा सुरू झाला फेब्रुवारी २०२३ पासून. पहिली अडीच वर्षं लोकांनी त्या वाट्याशिवायच शॉर्ट्स चालतं केलं.

वाट्याची पद्धतही लांब व्हिडिओंपेक्षा वेगळी आहे. शॉर्ट्समध्ये येणाऱ्या जाहिरातींचे महिन्याचे पैसे एका हंड्यात जमा होतात. त्यातून गाण्यांच्या हक्कांचा भाग बाजूला निघतो. उरलेले पैसे देशनिहाय व्ह्यूजच्या प्रमाणात चॅनलना वाटून येतात आणि त्यातले ४५ टक्के चॅनल ठेवतं. तुमच्या शॉर्टच्या आधी नेमकी कुठली जाहिरात लागली, याने फरक पडत नाही. आणि या हंड्यापर्यंत पोचायला १,००० सबस्क्रायबरबरोबर ९० दिवसांत १ कोटी शॉर्ट्स व्ह्यूज हवेत, किंवा मग ते ४,००० तास.

'देशनिहाय' हा शब्द आपल्यासाठी महत्त्वाचा. जाहिरातीची किंमत लिलावात ठरते आणि पुण्यातल्या प्रेक्षकासाठी लागणारी बोली न्यू जर्सीतल्या प्रेक्षकापेक्षा बरीच कमी असते. म्हणून परदेशातला मराठी प्रेक्षक इथल्या चॅनलला मोलाचा. त्या मोलालाही २०२१ मध्ये एक वळण आलं. अमेरिकी कायद्याचा आधार देऊन गूगलने जगभरच्या क्रिएटरकडून कराची माहिती मागितली. नियम समजावताना त्यांनी जे काल्पनिक उदाहरण दिलं, ते भारतातल्याच क्रिएटरचं होतं. महिन्याची कमाई १,००० डॉलर, त्यात अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेले १००. फॉर्म भरून दोन देशांतल्या कर-कराराचा लाभ घेतला, तर कपात १५ डॉलर. फॉर्म भरलाच नाही, तर सगळ्या कमाईवर २४ टक्के, म्हणजे २४० डॉलर. भाडिपासारख्या चॅनलकडे हिशोब बघणारी माणसं असतात. स्वयंपाकघरात मोबाइल टेकवून एकटीने रेसिपी करणारीला हा इंग्रजी फॉर्म स्वतःच सोडवावा लागतो.

हिशोब तर होतोच

याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही असं नाही. घरी बनवलेल्या भन्नाट बेचक्यांचे व्हिडिओ करणाऱ्या योर्ग श्प्राव्ह या जर्मन माणसाने २०१८ च्या नियमांनंतर यूट्यूबर्सची संघटना सुरू केली. जुलै २०१९ मध्ये मोटार-पोलाद कामगारांची बलाढ्य जर्मन संघटना 'आयजी मेटाल' तिच्याबरोबर आली आणि 'फेअरट्यूब' ही मोहीम उभी राहिली. मागण्या बघा: निर्णयामागचे निकष सांगा, कारण सांगा, बोलायला माणूस द्या, वाद सोडवायला त्रयस्थ लवाद द्या. पैसे वाढवा ही पहिली मागणी नव्हती.

जून २०२३ मध्ये यूट्यूबने काही देशांपासून सुरुवात करून उंबरठा खाली आणला. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि ३,००० तास किंवा ३० लाख शॉर्ट्स व्ह्यूज. मात्र या पायरीवर मिळते ती प्रेक्षकांकडून थेट पैसे घेण्याची सोय: मेंबरशिप, सुपर चॅट वगैरे. जाहिरातीतला वाटा जुन्याच उंचीवर राहिला. म्हणजे ६०० सबस्क्रायबरवाल्याने चाहत्यांपुढे झोळी धरली तर चालेल, पण त्याच्याच व्हिडिओवर लागलेल्या जाहिरातीचे पैसे मागायचे नाहीत.

आता २०१६ च्या त्या सुधारणेकडे या. पैसे बाजूला ठेवायचे आणि हक्क ठरल्यावर ज्याचे त्याला द्यायचे, ही व्यवस्था यूट्यूबकडे तेव्हापासून आहे. कुठल्या व्हिडिओवर कुठली जाहिरात किती वेळा दिसली, याचा हिशोबही रोज होतोच. त्याशिवाय जाहिरातदाराला बिल पाठवता येणार नाही. मग उंबरठ्याखालच्या चॅनलवर जाहिरात लागली, तर त्याचे ५५ टक्के बाजूला ठेवा. चॅनल बनावट निघालं, तर जप्त करा. खरं निघालं आणि उंबरठा ओलांडला, तर त्याच्या खात्यात टाका. तपासणीचा खर्च वाढत नाही, कारण उंबरठ्यावर तपासणी आजही होतेच. चोरांना फायदा होत नाही, कारण तपासणीआधी पैसे सुटतच नाहीत. अभियांत्रिकीच्या दृष्टीने यात अवघड काही नाही.

हे होत नाही याचं कारण एवढंच, की ते मागणाऱ्यापाशी जोर नाही. २००७ मध्ये व्हायाकॉमने दावा लावला, त्याच वर्षी कंटेंट आयडी आलं. २०१७ मध्ये जाहिरातदारांनी पाठ फिरवली, काही आठवड्यांत नियम बदलले. लहान चॅनलवाल्याकडे ना वकील, ना बजेट, ना मुकादम. त्याच्याकडे ६०० सबस्क्रायबर आहेत आणि पुढचा धडा रेकॉर्ड करायचा आहे. तुम्ही फॉलो करत असलेल्या अशा एखाद्या चॅनलवर आज जाहिरात दिसली, तर ती चुकवण्याआधी सबस्क्रायबरचा आकडा बघा. तो हजाराच्या आत असेल, तर त्या जाहिरातीचे पैसे कुणाला चाललेत हे आता तुम्हाला माहीत आहे.